दुसरा ब्रेक

रविवार, ११ तारीख, दुपार

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल, कामही नीट चालू असेल, असं धरून चालते. यापुढे "इकडे सगळं ठीक आहे" असं लिहायची पद्धत आहे. ते वाक्य मी सध्या बाजूला ठेवते.

फोन तू उचलत नाहीस आणि मेसेजला अंगठा पाठवतोस. पत्राला अंगठा पाठवता येत नाही, म्हणून पत्र. आधी जे घडलं ते क्रमाने देते.

१. काल, शनिवारी, बाबांच्या गाडीची संपूर्ण तपासणी करून घेतली.
२. बाबा सोबत होते.
३. चार गोष्टी नापास झाल्या.
४. त्यातल्या तीन किरकोळ आहेत.
५. चौथीमुळे गाडी रस्त्यावर आणायला तपासनीस बाईंनी मनाई केली. गाडी तिथेच आहे.
६. बाबा तिथून घरी चालत आले. बसने जाऊ म्हटलं, ते ऐकलं नाही.
७. घरी आल्यापासून ते फारसं बोललेले नाहीत.

आता खुलासा.

मला नवी नोकरी लागली आहे. काम पूर्वीचंच, दुसऱ्यांची मोजायची यंत्रं बरोबर मोजतात का ते बघायचं. पण हा कारखाना मोठ्या उताराच्या पायथ्याशी आहे. रोज सकाळी उतरायचं, संध्याकाळी चढायचं. बस आहे, पण माझ्या पाळीच्या वेळेला नाही. बाबांनी गेल्या वर्षी मोटार ट्रेनिंग स्कूल बंद केलं. डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गावातल्या गावात चालवतात, उताराला जात नाहीत. तेव्हा गाडी मला द्यायची असं त्यांनी ठरवलं आणि एका सकाळी चहाच्या कपाशेजारी किल्ली ठेवली.

तीच गाडी. दारावरची शिकाऊची लाल खूण खरवडून काढली आहे, पण शेजारच्या सीटसमोरचं दुसरं ब्रेकचं पेडल अजून जागेवर आहे.

"गाडी तुझी," बाबा म्हणाले.

"आधी तपासून घेऊ."

"रोज मीच तपासतो की."

"तुम्ही नाही. बाहेरचं कोणीतरी."

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही."

"मी तपासलेलं यंत्र आमच्याकडे दुसरा माणूस तपासतो, बाबा. त्यात कोणी रुसत नाही."

"तुमच्याकडे यंत्रं आहेत. ही गाडी आहे."

यावर आई आतून म्हणाली, "तपासा नाहीतर विका. त्या गाडीने ती उतार उतरणार नाही."

"तुला काय कळतं गाडीतलं?"

"काही नाही. म्हणूनच सांगतेय."

कारण विचारलं तर "उगाच" म्हणाली. आई त्या गाडीत बसत नाही हे तुला माहीत असेल किंवा नसेल. बाजारातून सामानाच्या पिशव्या घेऊन चालत येते, आणि बाबा गाडीतून तिच्या शेजारून हळूहळू येतात. सगळी आळी बघते. दोघांनाही त्याचं काही वाटेनासं झालं आहे.

मी अशी जागा शोधली जिथे गाड्या दुरुस्त करत नाहीत, फक्त तपासतात. दुरुस्तीचं काम मिळणार नसेल तर दोष वाढवून सांगायचं कारण उरत नाही. गावाबाहेर एक उंच पत्र्याची शेड आहे. आत गाडी उचलायचे दोन लिफ्ट, जमिनीत बसवलेले रोलर, आणि भिंतीवर "ग्राहकांनी खाली उभं राहू नये" अशी पाटी. बाबा पहिल्या पाच मिनिटांत त्या पाटीखालून आत गेले.

तपासनीस बाई चाळिशीच्या, धिप्पाड, सर्दीने बेजार. नाक पुसत बाहेर आल्या आणि बाबांकडे बघून थांबल्या.

"मास्तर! ओळखलंत का? तिसऱ्या खेपेला पास झालेली."

बाबांनी डोळे बारीक केले. "चढावर गाडी मागे सोडायचीस."

"अजून लक्षात आहे?"

"माणसं विसरतो मी. मागे गेलेली गाडी नाही विसरत."

"दोनदा नापास केलंत मला. आज तुमची गाडी माझ्या हातात आलीय." त्या मोठ्याने हसल्या आणि लगेच खोकल्या.

बाबाही हसले. ते मी मुद्दाम लिहिते आहे, कारण त्यानंतर हसले नाहीत.

तपासणी सकाळभर चालली. इंजिन गार होऊ दिलं, मग सुरू करून धुराचा रंग पाहिला. ऑइल बोटावर घेऊन चोळून पाहिलं. टायरवर ते कधी बनले त्याचा आकडा असतो, तो वाचला. नक्षी शाबूत, पण रबर म्हातारं, म्हणून मागचे दोन नापास. मग गाडी वर उचलली. खालचा पत्रा हातोडीच्या दांड्याने ठोकत ठोकत त्या पुढून मागे गेल्या. गंज आवाजात कळतो. चाकं हातात धरून हलवली. पुढच्या डाव्या चाकाचा बॉल जॉइंट ढिला. मागचा एक शॉक-अॅब्सॉर्बर गळका. या तीन किरकोळ. बाबा प्रत्येक गोष्टीवर मान डोलवत होते. "माहीत होतं", "हे करायचंच होतं", असं.

मग बाई डाव्या बाजूच्या खालच्या पत्र्याशी थांबल्या. रंग दिलेला आहे, पण खालची कड सरळ झालेली नाही.

"इथे काय झालं होतं?"

"मुलाने ठोकली," बाबा म्हणाले.

बाईंनी बॅटरी पेटवली, पुढच्या मडगार्डपासून मागच्यापर्यंत नेली. परत पुढे आणली. "ठोकलेली नाही ही, मास्तर. ठोकलेला पत्रा एका जागी आत जातो. ही घासलीय. पुढून मागे, एका उंचीवर, एकसारखी. कोणीतरी दरडीला गाडी लावून धरलीय आणि सोडली नाही. मुद्दाम थांबवलीय अशी." मग नाक पुसलं. "ज्याने केलं त्याचा हात पक्का आहे. तुमचाच शिकवलेला असणार."

बाबा वाकून ती कड बघत राहिले.

रोलरवर ब्रेक पास झाले. चारही चाकं, दोन्ही बाजू सारख्या. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की बघ, मी काय सांगत होतो. बाईंनी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं. डबी काठोकाठ भरलेली. आतलं ऑइल चहाच्या रंगाचं.

"कधी बदललंत?"

"कधी कमी पडू दिलं नाही," बाबा म्हणाले. "महिन्याला बघतो. खुणेच्या खाली गेलेलं तू दाखव मला."

"ते दिसतंय. बदललंत कधी, विचारतेय."

"बदलायचं कशाला? गळत नाही काही नाही. कमी झालं की भर घालायची."

"कशातली?"

"डबा आहे घरी. फळीवर."

तो डबा तुला आठवत असेल. निळा, पत्र्याचा, तोंडाला कापडाचा बोळा. आपल्या लहानपणापासून तो त्या फळीवर आहे. संपत आला की बाबा नवीन आणून त्यातच ओततात.

आता तांत्रिक भाग. थोडक्यात लिहिते, पण सोडून देणार नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. उघड्या डब्यातलं जास्त. वर्षानुवर्षं भर घालत राहिलं तर जुनं पाणी आतच राहतं आणि नवं त्यात मिसळतं. पाणी मिसळलं की ऑइल कमी तापमानाला उकळतं. सपाट रस्त्यावर काही कळत नाही. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरला की चाकाशी उष्णता वाढते, तिथलं ऑइल उकळतं, नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते. पेडल मऊ पडतं आणि तळाला जातं. गाडी थांबत नाही.

गाडी गार झाली की वाफेचं पुन्हा पाणी होतं. पेडल जागेवर येतं. दुसऱ्या दिवशी कोणीही ब्रेक दाबून पाहिला तर तो उत्तम लागतो.

हे बाईंनी बाबांना सांगितलं तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी होते. ते म्हणाले, "शेवटचं पुन्हा सांग." बाईंनी पुन्हा सांगितलं.

ऑइल किती तापमानाला उकळतं ते मोजायचं एक छोटं यंत्र असतं. नवं ऑइल दोनशेच्या वर उकळतं. आपलं एकशे एकतीसला उकळलं. बाबा म्हणाले, "परत कर." एकशे एकोणतीस. मग म्हणाले, "यंत्र कशावरून बरोबर?" दादा, मीही तेच विचारणार होते. बाईंनी नव्या बाटलीचं सील तोडलं आणि ते मोजलं. दोनशे छत्तीस. बाबा जुन्या टायरांच्या चळतीवर बसले.

हे सगळं मी तुला का लिहिते आहे ते तुला कळलं असेल. तरी स्पष्ट लिहिलेलं बरं.

सहा वर्षांपूर्वी तू आईला घेऊन मोठा उतार उतरत होतास. त्या वेळी मी परीक्षेसाठी बाहेर होते. माझ्याकडे हे नंतर आलं, आणि प्रत्येकाकडून वेगळं आलं. तू म्हणालास, ब्रेक लागला नाही, पाय तळाला गेला. बाबा दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी त्याच उतारावर घेऊन गेले, माथ्यावरच चार वेळा ब्रेक दाबला, चारही वेळा लागला. घरी येऊन अंगणात, शेजारी उभे असताना, म्हणाले, "चुकणाऱ्याला मी शिकवू शकतो. खोटं बोलणाऱ्याला नाही. आणि तीही आईच्या बाजूने ठोकलीस!" आईचं मनगट प्लॅस्टरमध्ये होतं. तू बॅग घेऊन गेलास.

दुसऱ्या बाजूला दरी होती, हे त्या दिवशी अंगणात कोणी बोललं का, मला माहीत नाही.

मी तेव्हा कोणाचीच बाजू घेतली नाही. मला माहिती नव्हती, आणि माहिती नसलेल्या गोष्टीवर मी मत देत नाही. आता माहिती आहे, तीही अपुरी. त्या दिवशीचं ऑइल आज तसंच उरलेलं नाही. कालचा आकडा आजच्या गाडीबद्दल सांगतो. सहा वर्षांपूर्वीही बाबांची सवय तीच होती, एवढंच त्याला जोडता येतं. म्हणजे तू सांगितलंस ते घडणं पूर्ण शक्य होतं. "शक्य होतं" याच्यापुढे मी जाऊ शकत नाही.

ते तुला कळवावं, म्हणून हे पत्र.

कळावे,
तुझी बहीण


मंगळवार, १३ तारीख, सकाळ

दादा,

रविवारी पत्र वर संपवलं होतं. पाकीट चिकटवलं नव्हतं. ते बरं झालं, कारण आता मी पुढे जाऊ शकते.

रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं जेवायला बसलो. बाबांनी फळीवरचा निळा डबा आणून समोर टेबलावर ठेवला होता. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आईने विचारलं नाही. ती त्याच्या भोवतीने भांडी मांडत होती. शेवटी म्हणाली, "पाहुणा जेवणार आहे की नुसता बसणार आहे?"

कोणी हसलं नाही. मग मी तिला सगळं सांगितलं. तुला लिहिलं तसंच, तापमान वगळून. पेडल मऊ पडतं आणि तळाला जातं, इथपर्यंत आले.

"ओल्या पिशवीवर पाय ठेवल्यासारखं," आई म्हणाली.

"हो, जवळजवळ. तुला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? माझा पाय होता ना."

बाबांचा घास हातातच राहिला. मी विचारलं, "कुठे होता तुझा पाय?"

आता तू नीट वाच, कारण मला वाटतं हे तुलाही माहीत नाही. त्या दिवशी आई शिकवणाऱ्याच्या सीटवर बसली होती. तिच्यासमोर दुसरं पेडल होतं. तू "ब्रेक, ब्रेक" असं ओरडलास तेव्हा तिने दोन्ही पाय उचलून त्या पेडलवर दाबले. तेही तळाला गेलं.

"मग बोलली का नाहीस?" बाबांचा आवाज चढला नाही. खरखरला.

"काय बोलू? तुम्हीच सांगून ठेवलेलं, त्याला पाय लावायचा नाही. शिकवणाऱ्याशिवाय कोणी नाही. एका गाडीला दोन मालक झाले की गाडी कोणाचंच ऐकत नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ऐकतेय. मी पाय लावला, आणि गाडीने कोणाचंच ऐकलं नाही. मला वाटलं, माझ्यामुळे."

"अगं, ते शिकणाऱ्यांना घाबरवायला..."

"मला कुठे माहीत? मी शिकले का कधी? तुम्ही सगळ्या गावाला शिकवलंत."

मग ती माझ्याकडे वळली. "मी दाबलं म्हणून त्याचा ब्रेक लागला नाही ना? खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून नको सांगूस."

मी कागद घेतला आणि तिला काढून दाखवलं. दोन्ही पेडलं एकाच दांड्याला जोडलेली आहेत. दोघांनी दाबलं तर जोर वाढतो, कमी होत नाही. त्या दिवशी तिने दाबलं ते योग्यच केलं. आत वाफ होती, म्हणून चार पाय असते तरी उपयोग नव्हता. आईने तो कागद बराच वेळ धरून ठेवला. दांडा कुठे ते पुन्हा विचारलं. मग म्हणाली, "म्हणजे माझा तो पोरगा खरं सांगत होता, मला माहीत होतं तो खरं सांगतोय, आणि मी गप्प बसले. का, तर मीच गाडी बिघडवली असं वाटत होतं. सहा वर्षं." आणि बाबांना: "आणि तुम्ही सहा वर्षं माझ्या शेजारून गाडी चालवताय. एकदा तरी थांबून विचारलंत का, अगं, तू का नाही बसत?"

बाबा उठले, हात धुतले, आणि डबा उचलून बाहेर गेले. टाकून येतील असं मला वाटलं. परत आले तेव्हाही डबा हातात होता. तोंडातला बोळा मात्र काढलेला होता.

आता मी रविवारचं वाक्य दुरुस्त करते. गाडीची अवस्था हा एक पुरावा. आईचा पाय हा दुसरा, पहिल्यापासून स्वतंत्र. पेडल मऊ पडतं एवढंच मी म्हटलं होतं; पायाला ते कसं लागतं ते तिने स्वतःहून अचूक सांगितलं. तेव्हा "शक्य होतं" खोड. तू सांगितलंस तसंच घडलं होतं. ब्रेक गेला होता. तू दरीकडे न जाता दरडीला घासून गाडी थांबवलीस, आणि त्याची किंमत आईचं एक मनगट एवढीच पडली. ते मनगट आता डबा उघडताना थोडं अडतं, बाकी बरं आहे.

आई म्हणते, तू तिकडे गाडी चालवत नाहीस. कामाला गरज असूनही बसने फिरतोस. ब्रेक लागत होता असं सहा वर्षं दुसऱ्यांनी सांगितलं की माणसाला स्वतःच्या पायाचीही खात्री राहत नसेल. मला हे अंदाजाने लिहावं लागतंय. चूक असेल तर दुरुस्त कर.

सोमवारी मी सुट्टी घेतली. गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून आपल्या नेहमीच्या गॅरेजमध्ये नेली. ब्रेकच्या सगळ्या रबरी नळ्या, मुख्य सिलिंडर, चाकांवरचे सिलिंडर नवे. जुनं ऑइल शेवटच्या थेंबापर्यंत बाहेर. बॉल जॉइंट, टायर, शॉक-अॅब्सॉर्बर त्यासोबतच. बाबा तिथे उभे राहून बघत होते. मेकॅनिकला म्हणाले, "ते दुसरं पेडलही काढून टाक."

मी घरी येऊन आईला सांगितलं. ती हातातलं काम टाकून चपला घालून निघाली, मी तिच्या मागे. गॅरेजमध्ये जाऊन बाबांच्या समोर उभी राहिली.

"ते राहू दे."

"कशाला आता? स्कूल बंद आहे."

"राहू दे म्हटलं ना. मी बसले की माझा पाय त्याच्यावर असणार. आणि मला ते कसं दाबायचं, केव्हा दाबायचं, ते तुम्ही शिकवायचं."

"या वयात?"

"ही बाई," आईने माझ्याकडे बोट दाखवलं, "म्हणते गाडीचं वय बघायचं नसतं, तपासणी बघायची असते."

मी असं म्हणालेले नाही. पण मी दुरुस्ती सुचवली नाही. मेकॅनिक गाडीखाली होता. त्याचे फक्त पाय दिसत होते, ते हसण्याने हलत होते. पेडल राहिलं.

काल संध्याकाळी बाबा माझ्या खोलीच्या दारात आले. मी हेच पत्र वाचत होते.

"त्याला लिहितेस?"

"हो."

"लिही, गाडी पुढच्या आठवड्यात तयार होईल."

"आणखी काय लिहू?"

"एवढंच."

"एवढंच पुरत नाही, बाबा. अर्धा रिपोर्ट मी पाठवत नाही."

ते गेले. मी थांबले. थांबायचं मी ठरवलं होतं. ते स्वतः बोलल्याशिवाय हे पत्र पेटीत पडणार नव्हतं, मग आठवडा लागो की महिना. तेवढी वेळ आली नाही. भांडी आवरून झाल्यावर ते परत आले, खुर्ची ओढली, आणि शिकाऊला नियम सांगतात तशा सपाट आवाजात बोलले. मी लिहून घेतलं:

"तो खोटं बोलला नव्हता. ब्रेक गेला होता. मी सगळ्यांसमोर त्याला खोटारडा म्हणालो. ते चूक होतं."

मी वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "दुसरं वाक्य बदल."

"ब्रेक गेला होता, हे?"

"हं. ब्रेक मी घालवला होता, असं लिही."

मी बदललं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "आणि त्या तपासणीवालीने हात पक्का आहे असं म्हटलं ना, तेही लिही. तिचं नको. माझं म्हणून लिही." आणि गेले.

लिहिलं आहे.

आता पुढचं. गाडी शुक्रवारी, २३ तारखेला तयार होईल. तपासनीस बाईंचा नियम असा की ब्रेकचं एवढं काम झाल्यावर आधी रोलरवर, मग माणसं बसवून खऱ्या उतारावर चाचणी घ्यायची. ती शनिवारी, २४ तारखेला सकाळी. माणसं ठरली आहेत. पुढे डावीकडे आई, पाय तिच्या पेडलवर. मागे बाबा. त्यांच्या शेजारी बाई, मापं घेऊन आणि बहुतेक सर्दीसकट.

चालवणाऱ्याची जागा रिकामी आहे. बाबा म्हणतात तू चालवावीस. आई म्हणते आधी तू ये, मग बघू. माझं म्हणणं विचारशील तर, तू नसलास तरी चाचणी होणारच. मी चालवीन आणि खाली पोहोचल्यावर कळवीन. तू आलास आणि चालवावंसं वाटलं नाही, तर मागे तिसरी जागा आहे. बाबांना सरकायला सांगू. सरकतील.

पण ज्या उतारावर तुझ्याविरुद्ध निकाल लागला, त्याच उतारावर तो बदलताना तू तिथे असावंस असं मला वाटतं. हे वाक्य मी चार वेळा खोडून पुन्हा लिहिलं आहे. तू मला मोजपट्टी म्हणायचास. गेल्या सहा वर्षांत घरात मला तसं कोणी म्हटलेलं नाही, आणि मला त्याची सवय मोडता आलेली नाही. एवढंच.

पहिल्या परिच्छेदातलं वाक्य मी अजून लिहिलेलं नाही. ते तुझ्या उत्तरानंतर लिहीन.

पत्राने किंवा फोनने, कसंही, गुरुवार, २२ तारखेपर्यंत कळव: येतोस की नाही. "बघतो" हे उत्तर धरलं जाणार नाही.

तुझीच,
मोजपट्टी